दाढेत ‘सिमेंट’ भरतात म्हणजे नेमकं काय करतात?

सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत दातांच्या कुठल्याही दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डॉक्टर, दाढ किडलीय, सिमेंट भरून द्या.’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या वस्तू येतात. पहिली, लवंगेचा वास येणारं तात्पुरतं सिमेंट. झिंक ऑक्साइडची पूड लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमध्ये कालवून ते करतात. ठणका शांत होतो, पण ते काही आठवड्यांपुरतंच असतं. दुसरी वस्तू ग्लास आयोनोमर, दवाखान्यातल्या बोलीत ‘जीआयसी’. ते स्वतःहून दाताला धरतं आणि फ्लोराइड सोडत राहतं, पण दाढेवरच्या चावण्याच्या जोराखाली लवकर झिजतं. तिसरी वस्तू कंपोझिट, म्हणजे निळ्या दिव्याने कडक होणारं, दाताच्या रंगाचं ‘लाइटचं सिमेंट’. तिन्ही पांढरटच दिसतात, म्हणून आपल्या दाढेत यातलं काय भरलं हे विचारून घ्या आणि फाइलवर लिहून घ्या. पुढचं पथ्यपाणी त्यावरच ठरतं. इथे जे सांगायचं आहे ते मुख्यतः कंपोझिटबद्दल.

लोक कंपोझिट मागतात ते रंगासाठी. त्याचा मोठा फायदा मात्र आरशात दिसत नाही: ते बसवायला निरोगी दात कापावा लागत नाही. जुनी ‘चांदी’, म्हणजे अमाल्गम, ही चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी व वजनाने जवळजवळ तेवढाच पारा यांचं मिश्रण. ती दाताला चिकटत नाही, अडकून बसते. ती अडकावी म्हणून खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद करावा लागतो, किमान दीड-दोन मिलिमीटर खोली द्यावी लागते, मग कीड तेवढी असो वा नसो. अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खड्ड्याचे नियम घालून दिले. शेजारच्या निरोगी खाचाही कापून भरणीत घ्याव्यात, म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही, असं त्यात होतं. तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती आणि दाताला चिकटणारा पदार्थही नव्हता, त्यामुळे तो नियम रास्त होता. आज तो पाळायचं कारण उरलेलं नाही.

कारण १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचाला, थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावलं की राळ त्याला घट्ट धरते. आम्लाने कवचावर सूक्ष्म छिद्रं पडतात, पातळ राळ त्यांत उतरते आणि तिथेच गोठते. पुढे राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाची राळ तयार केली. आजची बहुतेक कंपोझिट त्याच घराण्यातली आहेत: वजनाने साधारण ७० ते ८० टक्के काचेचे आणि सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, बाकीची राळ, आणि दोघांना बांधून ठेवणारा सिलेनचा थर. हा पदार्थ चिकटतो, म्हणून कीड जेवढी तेवढाच खड्डा पुरतो.

यावरून तोंडातली सगळी जुनी चांदी काढून पांढरं भरून घ्यावं, असं मात्र नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता करार २०१७ पासून लागू झाला आहे, युरोपीय संघाने २०२५ पासून अमाल्गम जवळजवळ बंदच केलं आहे, आणि नव्या भरणीसाठी कंपोझिट घेणं योग्यच. पण वीस वर्षं शांत बसलेली, कडा घट्ट असलेली, खाली कीड नसलेली चांदी उकरताना आजूबाजूचा चांगला दातही थोडा जातोच. नुसता रंग आवडत नाही म्हणून दाढ कापून घेऊ नये.

भरायचं की थांबायचं?

‘कीड’ या शब्दानेच गोंधळ होतो. दातात किडा नसतो. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन ‘किडे’ पाडून दाखवणारे अजूनही भेटतात. खाली पडतं ते दातातलं नसतं, आणि दाढेतला खड्डा तसाच राहतो. खरं घडतं ते असं. दातावर जमलेल्या चिकट थरातले जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात. तिथला पीएच (आम्लपणाचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. खाणं थांबलं की लाळ अर्ध्या-एक तासात हे आम्ल निववते आणि खनिज पुन्हा बसायला लागतं. हा हिशेब दिवसभर चालू असतो. म्हणूनच जेवणाबरोबर खाल्लेल्या गुळाच्या खड्यापेक्षा दिवसात पाच-सहा वेळा घेतलेला गोड चहा दाताला जास्त महाग पडतो. बेदाणे आपल्याकडे पौष्टिक म्हणून मुलांच्या खिशात भरून देतात. पौष्टिक ते आहेतच, पण चिकट असल्यामुळे दाढेच्या खाचेत तासभर बसून राहतात. जेवताना खाऊन वर चूळ भरली तर तेवढा त्रास होत नाही.

कीड सुरू होते तेव्हा दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. वरचा पृष्ठभाग अजून अखंड असतो. या टप्प्यावर ड्रिल लावायचं काहीच कारण नाही. सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, दवाखान्यात लावलेलं ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश आणि खाण्याच्या वेळांवर लगाम एवढ्याने डाग थांबतो, कधी कठीणही होतो. दाढेच्या खाचांतली तपकिरी-काळी रेघ म्हणजेही दर वेळी कीड नसते. चहा, मिश्री, तंबाखूचा डाग वर्षानुवर्षं तसाच राहतो. खाच कठीण आणि चकचकीत असेल तर ती नुसती पाहत राहायची.

उलट, दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना दिसतच नाही. वरून दाढ ठणठणीत, आणि एक दिवस भाकरीचा घास चावताना कडेचा तुकडा खाली बसतो. त्यासाठी बाइटविंग हा छोटा एक्स-रे काढतात. त्यावर कीड फक्त इनॅमलपुरती दिसली तर बहुतेक वेळा थांबता येतं; डेंटिनमध्ये, म्हणजे कवचाखालच्या पिवळसर थरात, नीट उतरलेली दिसली तर भरायची वेळ आली. आणि एक्स-रेवर दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात थोडी जास्तच खोल असते, हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही लक्षात ठेवायचं.

खुर्चीत बसल्यावर

सगळ्यात आधी रंग जुळवायचा, दात ओला असताना. कोरडा पडलेला दात काही मिनिटांतच फिकट दिसू लागतो. काम झाल्यावर रंग पाहिला तर पांढराच निवडला जातो, आणि दुसऱ्या दिवशी दात पुन्हा ओला होऊन मूळ रंगावर आला की भरणी ठिगळासारखी उठून दिसते. खिडकीतला उजेड यासाठी सगळ्यात चांगला. पुढच्या दातासाठी कंपोझिटचा बारीक गोळा दातावर ठेवून दिव्याने कडक करून पाहावा, कारण कडक होताना त्याचा रंग जरा बदलतो. बाँडिंग, म्हणजे कंपोझिट दाताला चिकटवणारी पातळ राळ, अजून लावलेलं नसतं, त्यामुळे तो गोळा सहज उपटता येतो.

मग सुन्न करायचं इंजेक्शन, आणि त्यानंतर रबर डॅम. दाताएवढं छिद्र पाडलेला हा पातळ रबराचा पडदा क्लॅम्पने दाढेवर बसवतात. बाकी तोंड पडद्यामागे जातं. पेशंटला पहिली दोन मिनिटं अवघड वाटतं, पण सगळ्या कामात आम्ही दंतवैद्य सर्वात जास्त वजन याला देतो. आम्लाने तयार केलेल्या दातावर लाळेचा एक थेंब पडला की त्यातली प्रथिनं ती सूक्ष्म छिद्रं बुजवतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, भरणी त्या दिवशी सुंदर दिसते, आणि वर्ष-दोन वर्षांत कडेने सुटते. रबर डॅम बसतच नसेल तर कापसाचे बोळे आणि सक्शन यांवर काम होऊ शकतं, पण मग मदतनिसाचं लक्ष क्षणभरही हलता कामा नये. ‘आमच्याकडे इंपोर्टेड मटेरियल आहे’ या वाक्यापेक्षा ‘दात कोरडा कसा ठेवणार?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला जास्त काही सांगून जाईल.

ड्रिल नेहमी पाण्याच्या फवाऱ्यासह चालवतात, कारण नस काही अंशांच्या उष्णतेनेही दुखावते. इनॅमल उघडलं की आतलं काम मात्र जपून, मोठ्या गोल बरने (ड्रिलच्या टोकाला बसवायच्या पात्याने) हळू वेगात किंवा चमच्यासारख्या एक्सकॅव्हेटरने. इथे हाताला जे जाणवतं ते महत्त्वाचं. अगदी वरचा थर ओल्या लगद्यासारखा, चमच्यात भरून येतो. त्याखाली चामड्यासारखा थर लागतो, चिवट पापुद्रे निघतात. त्याच्याही खाली चमचा करकर आवाज करतो. तिथे निरोगी डेंटिन सुरू झालं.

पूर्वी शिकवण अशी होती की करकर ऐकू येईपर्यंत सगळीकडून खरवडायचं. आता तसं करत नाहीत. खड्ड्याच्या कडा आणि भिंती कठीण लागेपर्यंत पूर्ण साफ करायच्या, कारण भरणीची पकड त्यांच्यावर अवलंबून. पण तळाशी, नसेच्या अगदी जवळ, चामड्यासारखा थर तसाच ठेवायचा; कीड फारच खोल असेल तर थोडा मऊ थरसुद्धा. वरून घट्ट झाकलं की आत राहिलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही, कीड थांबते, आणि नस आतून नवीन डेंटिनचा थर घालते. रंग काळपट राहिला तरी चालतो. ‘डॉक्टरांनी कीड ठेवली’ अशी शंका इथे मनात येते, पण तो शेवटचा अर्धा मिलिमीटर खरवडण्याच्या नादात नस उघडी पडली तर एका बैठकीचं काम रूट कॅनल आणि कॅपवर जातं. अर्थात हे ज्या दाढेची नस जिवंत आणि शांत आहे तिच्यासाठीच. रात्री आपोआप ठणकणारी दाढ असं झाकून बरी होत नाही.

दोन दाढांमधला खड्डा असेल तर भरण्याआधी पातळ धातूची वाकलेली पट्टी, खालून लाकडी पाचर आणि दोन दाढा जराशा दूर सारणारी रिंग लावतात. पाचर हिरडीजवळची फट बंद करते, रिंग पट्टीच्या जाडीएवढी जागा मिळवून देते. ही रिंग न लावता सपाट पट्टीवर काम उरकलं की दाढांमध्ये सैल जागा राहते, आणि मग प्रत्येक जेवणानंतर मेथीची काडी किंवा मटणाचा धागा अडकून हिरडी सुजते. भरणी झाल्यावर फ्लॉसचा दोरा ‘टक्’ असा आवाज करत आत गेला तर जागा नीट साधली. सरळ घसरला किंवा फाटला तर त्याच बैठकीत सांगा.

यानंतर ३५-३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची निळी जेल लावतात: इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर १५ पेक्षा जास्त नाही. नीट धुतात. मग वाळवताना कसब लागतं. इनॅमल कोरडं झालं की बर्फासारखं पांढरं दिसतं, ही चांगली खूण. डेंटिन मात्र ओलसर चमकलं पाहिजे. ते खडखडीत वाळवलं की आतल्या कोलॅजनच्या तंतूंची जाळी भिजलेली जाळी उन्हात चिकटावी तशी बसते, राळ आत शिरत नाही, आणि पुढे गार पाण्याने सणक येते. आता काही बाँडिंग स्वतःच डेंटिन तयार करून घेतात. त्यांच्याबरोबर आम्ल फक्त इनॅमलच्या कडेला लावतात आणि हा धोका बराच कमी होतो. बाँडिंग साधारण २० सेकंद घासून लावायचं, हलक्या हवेने त्यातला द्रावक उडवायचा, मग दिवा. हवा मारायची राहिली तर तो थर कच्चा राहतो.

कंपोझिट एकदम भरत नाहीत. निळा प्रकाश साधारण २ मिलिमीटरपर्यंतच नीट पोचतो आणि कडक होताना पदार्थ आकारमानाने दोन-तीन टक्के आकसतो. पाच मिलिमीटरचा गोळा एका दमात भरला तर वरून दगड, खाली मऊ, आणि आकसताना भिंतीपासून सुटलेला. म्हणून २ मिलिमीटरचा थर, २० सेकंद दिवा, पुन्हा थर. समोरासमोरच्या दोन भिंतींना एकाच थराने जोडायचं नाही, एक-एक भिंत तिरकस थराने बांधत जायचं. ‘बल्क-फिल’ प्रकारची कंपोझिट ४ मिलिमीटरपर्यंत चालतात, पण म्हणून ती घाईसाठी नाहीत. दिव्याचं टोक दाताला जवळजवळ टेकलेलं हवं. टोकावर सुकलेली राळ चिकटली असेल किंवा ते लांब धरलं तर वीस सेकंदांचा काही उपयोग नाही. पेशंटने त्या निळ्या उजेडाकडे पाहू नये, डोळे मिटलेले बरे.

शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंच ठिकाणं शोधतात. इंजेक्शनमुळे सुन्न असलेल्या तोंडाला उंची कळत नाही. त्यामुळे घरी गेल्यावर ‘ती दाढ आधी टेकते’ असं वाटलं तर ‘सवय होईल’ म्हणून बसू नका. पाच मिनिटांत घासून मिळतं, नाहीतर दाढ चावताना दुखायला लागते.

पुढच्या दातांचं थोडं वेगळं

दाढेला एक रंग चालून जातो, पुढच्या दाताला नाही. खरा दात आतून पिवळसर आणि अपारदर्शक, वरून काचेसारखा, टोकाशी किंचित निळसर असतो. भरणीतही डेंटिनच्या छटेचा थर आत आणि इनॅमलच्या छटेचा पातळ थर वर द्यावा लागतो. तुटलेल्या कडेला एक-दोन मिलिमीटर उतार दिला की जोड दिसत नाही. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा आणि मग किमान दोन आठवडे थांबा. त्या औषधातला ऑक्सिजन दातात राहतो आणि बाँडिंग कच्चं राहतं. भरणीचा रंग नंतर पांढरा करता येत नाही.

हळदीचं सांगायलाच हवं, कारण आपण हळदीच्या गावचे. हळदीतलं पिवळं करक्युमिन राळेत मुरतं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ताजी भरणी ते जास्त ओढते. कापडावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तोंडात ऊन पोचत नाही. तेवढे दोन दिवस पिवळा रस्सा, हळद-दूध आणि काळा चहा टाळा. त्याहून जास्त फरक पॉलिशने पडतो. जिभेला खरखरीत लागणारी भरणी महिन्याभरात पिवळी पडते. अशी लागली तर परत जाऊन गुळगुळीत करून घ्या.

कंपोझिट दिव्याखालीच कडक होतं, म्हणून जेवायला चोवीस तास थांबायची गरज नसते. तो सल्ला जुन्या चांदीचा. फक्त बधिरपणा उतरेपर्यंत, दोन-तीन तास, काही चावू नका. ओठ-गाल चावले जातात, मुलांचे तर हमखास. जीआयसी भरलं असेल तर मात्र पहिला दिवस त्या बाजूने कठीण चावायचं नाही. पुढच्या दातांना भरणी असेल तर ऊस दाताने सोलणं सोडावं लागेल. कांडी सोलून, करवे करून दाढेने चावा. भडंगातले शेंगदाणे चालतात, पण त्यात आलेला खडा किंवा न फुटलेला दाणा कडेचा टवका उडवतो.

काय बिघडतं

गार पाण्याने आठ-पंधरा दिवस हलकी सणक येणं नेहमीचं आहे, हळूहळू कमी होत जातं. गार लागलं की सणक येऊन लगेच थांबते तोवर काळजी नाही. गरम चहाने कळ सुरू होऊन मिनिटभर राहत असेल, किंवा झोपेतून उठवत असेल, तर नस सुजली आहे आणि दुसऱ्यांदा सिमेंट भरून काही होणार नाही. दुखणारी दाढ घेऊन येताना लवंगेचं तेल लावलं असेल तर ते सांगा. युजेनॉलमुळे कंपोझिट नीट कडक होत नाही. लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंटही त्यासाठीच पूर्ण खरवडून काढावं लागतं.

काही ठिकाणी कंपोझिट हे चुकीचं उत्तर असतं. खड्डा हिरडीखाली गेला आणि तिथे रक्त थांबत नसेल तर आधी हिरडीचं काम. वयस्कर माणसांच्या उघड्या पडलेल्या मुळावरची कीड, जिथे कोरडं ठेवणं अवघड, तिथे जीआयसी जास्त टिकतं. लहान मुलांच्या दुधाच्या दातांतही बरेचदा तेच, किंवा कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्याने कीड काळी पडते, हे आईवडिलांना आधीच सांगायला हवं. मिश्री घासून हिरडीजवळ पडलेल्या खाचा भरून मिळतात, पण मिश्री चालू राहिली तर भरणीही दाताबरोबर झिजते. उरलेली भिंत फार पातळ असेल किंवा दाढेचं रूट कॅनल झालेलं असेल, तर नुसती भरणी दाढ फुटण्यापासून वाचवत नाही. तिथे वरून झाकणारी ऑनले किंवा कॅप लागते.

खर्चाची अडचण असेल तर सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कराडला कृष्णा संस्थेचं दंत महाविद्यालय आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, पण अनेकदा टप्पे खासगी दवाखान्यापेक्षाही काटेकोर पाळले जातात.

चांगली केलेली कंपोझिट भरणी आठ-दहा वर्षं सहज जाते, पुष्कळदा जास्त. पुढे कडेला तपकिरी रेघ दिसली किंवा कोपरा उडाला तर सगळी भरणी काढायला तयार होऊ नका. नुसता डाग असेल तर पॉलिश पुरतं. कोपरा उडाला असेल तर जुना पृष्ठभाग खरबरीत करून, बाँडिंग लावून, तेवढाच नवा तुकडा जोडता येतो, कारण जुन्या कंपोझिटला नवं कंपोझिट धरतं. दर वेळी पूर्ण भरणी बदलली की खड्डा थोडा थोडा वाढत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी भिंतच उरत नाही. म्हणून ‘पूर्ण बदलावी लागेल’ असं ऐकलं तर आधी विचारा: एक्स-रेवर खाली कीड दिसतेय का, दाखवा.